चुकते

मुलीने मागवून दिलेले नवे शिक्के
पारदर्शक आहेत, जेलीसारखे.
काचेच्या ठोकळ्याला चिकटतात आणि आरपार दिसतं
कागदावर पाकळी नेमकी कुठे उतरणार ते.
चुकायला जागाच नाही.
काम झालं की साबणाच्या पाण्याने धुवायचे,
प्लॅस्टिकच्या पानावर पुन्हा निजवायचे.
मी त्यांना नावं ठेवत नाही.
हात आता थरथरतो, आणि ते सांभाळून घेतात.

पण टेबलाच्या दुसऱ्या टोकाला
खजुराचा पत्र्याचा डबा आहे.
ह्यांची क्लिअरिंग कंपनी बंद झाली तेव्हा
कुणी खुर्ची नेली, कुणी फॅक्सचं यंत्र,
ह्यांनी शिक्के आणले, चौदा,
लाकडी मुठी ह्यांच्याच घामाने काळ्या पडलेल्या.
मत्राहच्या धक्क्यावर उतरलेला चहा, टायर, संगमरवर
सगळं एकदा ह्या रबराखालून गेलेलं.

दाबताना काही म्हणजे काही दिसत नाही.
अंदाजाने टेकवायचा, श्वास धरायचा,
उचलला की कळतं काय झालं.

एका उन्हाळ्यात गावी गेलो, महिनाभर एसी बंद.
परतून बघते तर ‘तातडीचे’ आणि ‘जपून हाताळा’
एकमेकांना चिकटून बसलेले.
सोडवताना दोघांचीही कातडी गेली.

तारखेचा शिक्का दोन हजार अकरापर्यंतच फिरतो.
त्यापुढे पट्टा गुळगुळीत.

रबरावर अरबी उलटी असते,
म्हणजे डावीकडून उजवीकडे, माझ्या मराठीच्या वाटेने.
हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा
रुवीतल्या त्या स्वयंपाकघरात मी एकटीच हसले होते.

सगळ्यांत लाडका तो ‘मदफू’.
पैसे मिळाल्यावर मारायचा.
आपण म्हणतो ‘चुकते’,
फेडणाऱ्याला आणि चुकणाऱ्याला एकाच शब्दात बसवून.
त्याच्या फ वरचं टिंब उमटत नाही.
शुक्रवारी कार्डं करायला येतात त्या बायकांना,
शम्साला, खालच्या मजल्यावरच्या हरजीतला,
मी ती मोकळी जागा दाखवायचे:
बघा, हे वय. हे विकत मिळत नाही.
शम्सा भिंगातून बघायची आणि मान डोलवायची.

मग वर्गीस निघाला.
गल्लीच्या तोंडाशी त्याचं शिक्क्यांचं दुकान,
दीड माणूस उभा राहील एवढं.
छत्तीस वर्षांनी कोट्टायमला, कायमचा.
त्याच्यासाठी कार्ड केलं.
नव्या शिक्क्यांची तीन फुलपाखरं,
पंखांच्या रेषा केसाएवढ्या बारीक,
एकही शाई न फुटता आलेली.
आणि खाली कोपऱ्यात, थोडा तिरका, जुना ‘मदफू’.
तारीख घातली, वर्ष नाही.

त्याने चष्मा लावला.
फुलपाखरांवरून नजर नुसती गेली.
अंगठा त्या शब्दावर ठेवून म्हणाला,
हा माझाच.

मी म्हटलं, किती झिजलाय बघा, टिंबसुद्धा गेलं.

झिजला नाही, तो म्हणाला.
टिंब पहिल्याच दिवशी साच्यात राहिलं होतं.
मी नवीन होतो, अरबी येत नव्हती, बघून बघून जुळवायचो.
तुमचे साहेब घाईत होते, तसाच घेऊन गेले.
मग मी बोललो नाही.
दोन रियाल घेतले होते.

बाहेर कुणाची तरी टॅक्सी हॉर्न देत होती.
मला काय बोलावं ते सुचेना,
आणि त्यालाही उत्तर नको असावं.
खिशातलं पेन काढून
त्याने ते टिंब दिलं,
वर फुंकर मारली,
आणि कार्ड बॅगेत नाही, शर्टाच्या आत ठेवलं.

घरी येऊन शिक्का डब्यात टाकला.
अजून तसाच उमटतो, टिंबाविना.
शुक्रवारी शम्साने भिंग उचललं
तेव्हा मी चहा टाकायला उठले.